आधी दाशीची चौकशी करा

जपानला निघालेल्या माणसाला घरचे हमखास विचारतात, ‘तिथे सगळं कच्चंच खातात ना?’ तर तसं नाही. जपानी घरांत रोज सुशी होत नाही. ती बाहेर जाऊन खायची, नाहीतर पाहुणे आले की मागवायची. रोजच्या ताटात वाफाळता भात, आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचं मिसो सूप, भाजलेला मासा किंवा मुरवत शिजवलेली भाजी आणि थोडं लोणचं असतं. शिवाय कच्चा मासा समोर आला तरी तो डोळ्यांना दिसतो, नको असेल तर नको म्हणता येतं. शाकाहारी माणसाची फसगत होते ती न दिसणाऱ्या गोष्टीमुळे. म्हणून कामासाठी, शिक्षणासाठी किंवा फिरायला जपानला जाणाऱ्यांनी आणि घरीच जपानी जेवण करून बघू म्हणणाऱ्यांनी सुशीची काळजी सोडावी आणि आधी दाशी समजून घ्यावी.

दाशी म्हणजे निवळ, जवळजवळ बिनरंगाचं पाणी. कोंबू नावाचं वाळवलेलं समुद्री शेवाळ आणि कात्सुओबुशी, म्हणजे उकडून, धुरावर वाळवून लाकडासारख्या कडक केलेल्या ट्यूनाचे कागदासारखे पातळ पापुद्रे, या दोहोंचा अर्क या पाण्यात उतरलेला असतो. काही घरांत कात्सुओबुशीऐवजी निबोशी, म्हणजे छोटे सुके मासे वापरतात. आपल्या स्वयंपाकात फोडणीचं जे स्थान, ते तिथे दाशीचं. फरक इतकाच की फोडणी तडतडते, तिचा वास घरभर होतो; दाशी गुपचूप असते. मिसो सूपमध्ये ती आहेच. उदोन नूडल्सच्या रश्शात, सोबा नूडल्स बुडवून खायच्या वाटीत, तेंपुराबरोबरच्या चटणीवजा पाण्यात, गुंडाळी केलेल्या ऑम्लेटमध्ये, ओकोनोमियाकी नावाच्या कोबीच्या धिरड्याच्या पिठात, इतकंच काय, उकडलेल्या पालकाच्या गार जुडीवर ओतलेल्या दोन चमचे पाण्यातही तीच. म्हणजे समोर नुसता पालक दिसत असला तरी तो शाकाहारी असेलच असं नाही.

आणि यात आचारी खोटं बोलत नसतो. ‘यात मासा आहे का?’ असं विचारलंत तर तो मनापासून ‘नाही’ म्हणेल, कारण त्याच्या लेखी मासा म्हणजे ताटात दिसणारा तुकडा. दाशी ही चव, पदार्थ नव्हे. या वळणाला मोठा इतिहास आहे. सम्राट तेन्मू याने इ.स. ६७५ मध्ये गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांचं मांस खाण्यावर बंदी घातली. पुढे शिकार वगैरे चालू राहिली, बंदी सगळ्यांनी पाळली असंही नाही, पण जनावराचं मांस खाणं कमी प्रतीचं, हा समज शेकडो वर्षं टिकला. १८७२ मध्ये मेजी सम्राटाने गोमांस खाल्ल्याचं जाहीर झालं तेव्हा कुठे तो सैल पडला. मधल्या काळात तुपा-चरबीचा आधार नसलेल्या या स्वयंपाकाने आपली चव समुद्रातून उचलली. १९०८ मध्ये तोक्योच्या विद्यापीठात किकुनाए इकेदा यांनी कोंबूच्या पाण्यातली ही चव ग्लुटामेटमुळे येते हे शोधलं आणि तिला उमामी म्हटलं. पुढच्याच वर्षी अजिनोमोतो बाजारात आलं. आपल्याकडच्या चायनीजच्या गाड्यांवर चिमटीने पडणाऱ्या पांढऱ्या पुडीचं मूळ हे असं जपानी दाशीत आहे.

तेव्हा तिथे गेल्यावर ‘व्हेज’ हा शब्द पुरेसा समजू नका. मोबाईलमध्ये दोन वाक्यं जपानी लिपीत लिहून ठेवा आणि बोलायलाही शिका. पहिलं: ‘निकु तो साकाना वा ताबेरारेमासेन. साकाना नो दाशी मो दामे देस.’ मांस-मासे खाऊ शकत नाही, माशाची दाशीही चालत नाही. दुसरं छोटं: ‘कात्सुओबुशी नुकी दे ओनेगाइशिमास.’ कात्सुओबुशी न घालता द्या. हे दुसरं वाक्य गार तोफूच्या वेळी फार उपयोगी पडतं. त्या पांढऱ्या वडीवर आलं, कांद्याची पात आणि कात्सुओबुशीची भुरभुर ठरलेली असते. ती भुरभुर टाळली की उरतो तो चांगला शाकाहारी पदार्थ. उत्तर देताना वाढपी ओशाळून श्वास आत ओढू लागला, मान तिरकी करू लागला, तर ते ‘नाही’ आहे असं समजा. तोंडावर नकार देणं त्याला जड जातं. आग्रह धरू नका. आयत्या वेळी दाशीशिवाय काही करून देणं छोट्या स्वयंपाकघराला खरोखरच शक्य नसतं.

पाकिटबंद मालाचंही तेच. आपल्यासारखं हिरवं टिंब तिथे नसतं. करीच्या तयार वड्यांत प्राण्यांची चरबी, कपातल्या नूडल्सच्या पुडीत डुकराचा किंवा कोंबडीचा अर्क, बटाट्याच्या वेफर्सच्या मसाल्यातही मांसाचा अर्क असू शकतो. फोनचा कॅमेरा लेबलावर धरून भाषांतर करून बघणं हाच उपाय. चोवीस तास उघड्या दुकानांतला भाताचा ओनिगिरी घ्यायचा तर नुसत्या मिठाचा सर्वांत निर्धोक. उमेबोशी म्हणजे खारवलेलं आंबट उमे फळ भरलेला ओनिगिरी बहुधा चालतो, पण काही उमेबोशींत कात्सुओबुशी मिसळलेली असते आणि कोंबू भरलेल्यातही ती सापडते. सुशीच्या दुकानात काकडीचा कप्पामाकी आणि नात्तोची, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची गुंडाळी मिळते. गोडसर तळलेल्या तोफूच्या पिशवीतली इनारी सुशी मात्र दिसायला शाकाहारी. ती पिशवी बहुतेक ठिकाणी दाशीतच मुरवलेली असते. गोडाच्या बाबतीत सुखाची बातमी आहे. पारंपरिक जपानी मिठाई आझुकी नावाच्या लाल कडधान्याच्या पुरणावर, तांदळाच्या पिठीवर आणि समुद्री शेवाळापासून केलेल्या कांतेन नावाच्या आगरवर उभी आहे. योकान, दाइफुकू, मांजू बिनधास्त खा. पुडिंग आणि जेलीवाले गोड पदार्थ घेताना मात्र जिलेटिनची चौकशी करा.

मुक्काम लांबला तर तोक्योच्या एदोगावा भागातलं निशिकासाई ठाऊक असू द्या. तिथे भारतीयांची मोठी वस्ती आहे आणि डाळी, मसाले, कणीक सगळं मिळतं. मराठी भाषक योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये याच एदोगावाच्या स्थानिक सभेवर निवडून आले होते.

पण सगळीच्या सगळी चौकशी बाजूला ठेवून, पोटभर आणि निश्चिंत जपानी जेवायचं असेल तर शोजिन र्योरी शोधा. हे बौद्ध मठांतलं जेवण. मांस-मासे नाहीत, अंडी नाहीत, दूध नाही आणि कांदा-लसूणही नाही. दाशी कोंबू आणि सुक्या शीताके अळंबीची. क्योतोत काही झेन मठांच्या आवारात ते मिळतं, पण मी म्हणेन एक रात्र कोयासानला काढा. वाकायामा प्रांतात सुमारे आठशे मीटर उंचीवर, कूकाई या भिक्षूने नवव्या शतकात वसवलेलं हे मठांचं गाव. ओसाकाच्या नांबा स्टेशनहून नानकाई रेल्वे, शेवटच्या चढणीला केबल कार. पन्नासएक मठांत प्रवाशांच्या मुक्कामाची सोय आहे, तिला शुकुबो म्हणतात. जेवण लवकर असतं, साडेपाच-सहाला. उशिरा पोचणाऱ्यासाठी कोणी ताट झाकून ठेवत नाही.

ताट येतं ते लाखेच्या बुटक्या पायांच्या चौरंगावर. तिथला गोमादोफू नीट बघण्यासारखा. नाव तोफूचं, पण सोयाबीनचा त्यात अंश नाही. तीळ बारीक वाटून, त्यांचं दूध काढून, कुझू नावाच्या वेलीच्या मुळाच्या सत्त्वात ते मंद आचेवर बराच वेळ घोटत राहतात. सोडलं की खाली लागतं. थापून गार झाल्यावर वडी चकचकीत, थरथरती होते, चमचा सहज जातो, पण जिभेवर ती लगेच विरघळत नाही. वर वासाबीचा ठिपका आणि बुडाशी जरा शोयू, म्हणजे सोया सॉस. शेजारच्या वाटीत कोयादोफू. हा डोंगरावरच्या कडक थंडीत गोठवून वाळवलेला तोफू, दाशीत मुरवल्यावर स्पंजासारखा रस धरतो. एकदम चावू नका, रस अंगावर उडतो. जैन वाचकांसाठी सूचना: या जेवणात मुळा, गोबो, कमळाची मुळं, रताळी अशी कंदमुळं भरपूर असतात. आरक्षण करतानाच काय चालत नाही ते लिहून कळवावं.

आता ताटासमोर बसण्याबद्दल. जपानी शिष्टाचारांच्या लांबलचक याद्या सगळीकडे फिरत असतात, त्या वाचून माणूस जेवायलाच घाबरतो. त्यातल्या बऱ्याच गोष्टी स्वतः जपानी तरुणही पाळत नाहीत, आणि परक्याला बरंच माफ असतं. दोन गोष्टी मात्र माफ नाहीत असं समजा. एक, काड्या भातात उभ्या खोचायच्या नाहीत. दोन, एकाच्या काड्यांतून दुसऱ्याच्या काड्यांत घास द्यायचा नाही. पहिलं मृतासाठी ठेवलेल्या भातात करतात, दुसरं दहनानंतर अस्थी उचलताना. जेवताना हे केलंत तर शेजारच्याच्या अंगावर काटा येतो. कुणाला काही द्यायचंच तर त्याच्या ताटलीत ठेवा.

मांडणी ठरलेली असते: भाताची वाटी पुढे डाव्या हाताला, सूप पुढे उजवीकडे, मुख्य पदार्थ मागे, काड्या अगदी पुढे आडव्या, टोकं डावीकडे. भात, सूप आणि जोडीला तीन पदार्थ या मांडणीला इचिजू सानसाय म्हणतात. २०१३ मध्ये युनेस्कोने वाशोकू म्हणजे पारंपरिक जपानी आहाराला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, त्यातही हा घाट महत्त्वाचा मानला गेला. आपण ताटावर वाकून खातो. तिथे वाटी उचलून तोंडाजवळ आणायची. वाटी खाली ठेवून तिच्यावर वाकणं अडाणीपणाचं. डाव्या हाताची चार बोटं बुडाखाली, अंगठा काठावर. मोठ्या ताटल्या उचलायच्या नाहीत. घास नेताना खाली तळहात धरायची सवय आपल्याला सभ्यपणाची वाटते, तिथे ती चुकीची समजतात. त्याऐवजी छोटी ताटली किंवा भाताची वाटीच धरा.

सूपला चमचा मिळत नाही. वाटी ओठाला लावून प्यायची, आतले तुकडे काड्यांनी. झाकणाच्या वाटीत एक गंमत होते. गरम वाफ आत गार होऊन झाकण घट्ट बसतं आणि नवखा माणूस ओढत राहतो, मग एकदम सुटून सूप सांडतं. वाटीच्या दोन्ही कडा डाव्या हाताने हलके दाबा, हवा आत शिरते, झाकण आपोआप सैल होतं. जेवण झाल्यावर झाकण होतं तसंच ठेवा. उलटं ठेवलं तर लाखेवर चरे पडतात.

पांढऱ्या भातावर सोया सॉस ओतू नका. भात तसाच, जोडीच्या पदार्थांबरोबर, आलटून पालटून खायचा. सुशी हाताने खाल्ली तरी चालते. शोयूत भाताची बाजू न बुडवता माशाची बाजू टेकवायची, नाहीतर भात खारट होऊन फुटतो. आल्याचे गुलाबी काप दोन सुशींच्या मध्ये तोंड साफ करायला असतात, सुशीवर रचायला नव्हे. नूडल्स भुरकत खा, खुशाल आवाज होऊ द्या. पण तिखटाने नाक वाहू लागलं तर टेबलावर शिंकरू नका, उठून बाहेर जा. याचा तिथे फार तिटकारा आहे. हाताला दिलेलं ओलं फडकं फक्त हातांसाठी, आपण त्याने चेहरा, मान सगळं पुसून काढतो.

इझाकाया म्हणजे दारू आणि छोट्या पदार्थांच्या ठिकाणी बसताच न मागवलेली छोटी वाटी येते. ती ओतोशी. तिचे दर माणशी काहीशे येन बिलात लागतात, आणि बहुतेक वेळा तीत मासा किंवा दाशी असते. चिडू नका, ती बसायच्या जागेची फी समजा. आपला पेला आपण भरायचा नाही; शेजारच्याचा भरायचा, तो आपला भरतो. पीत नसाल तर ऊलाँग चहा मागवा, कुणी आग्रह करत नाही. टिप ठेवू नका. ठेवलीत तर पैसे विसरलात म्हणून पोरगा रस्त्यावर धावत येईल.

घरी करून बघायचं असेल तर सुशीपासून सुरुवात करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. शिजवलेल्या भातात व्हिनेगर घालून वर चीज आणि मेयोनीज भरलेल्या गुंडाळ्या आपल्याकडे खूप होतात; त्यांचं एक वेगळं सुख आहे, पण जपानी जेवणाची चव त्यात कळत नाही. भात, मिसो सूप, एक पालेभाजी, काकडीचं लोणचं एवढं करा.

भाताला जपानी तांदूळ मिळाला तर उत्तम, नाहीतर आपला इंद्रायणी. तो जपोनिका जातीचा नाही, त्याला स्वतःचा वास आहे, पण चिकट होतो आणि काड्यांना धरतो. पाणी निवळ होईपर्यंत धुवा, अर्धा तास भिजवा, तांदळाच्या सव्वापट पाण्यात झाकून शिजवा आणि गॅस बंद केल्यावर दहा मिनिटं झाकण उघडू नका. मीठ, तेल काही नाही.

दाशीसाठी एक लिटर पाण्याला दहा ग्रॅम कोंबू आणि तीन-चार सुक्या शीताके. मोठ्या शहरांत परदेशी मालाच्या दुकानांत हे मिळतं, ऑनलाइनही मिळतं. कोंबूवर पांढरी पावडर दिसेल, ती बुरशी नाही. चव तीत आहे, म्हणून धुऊ नका, ओल्या फडक्याने हलकं पुसा. पाण्याकडे लक्ष द्या. जपानचं पाणी मृदू आहे. बोअरवेलच्या जड पाण्यात कोंबूची चव नीट उतरत नाही, फिल्टरचं घ्या. दोन्ही जिन्नस गार पाण्यात घालून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. शीताके गरम पाण्यात भिजवण्याची घाई नको, त्यांची चव गार पाण्यातच चांगली सुटते. सकाळी पातेलं अगदी मंद आचेवर ठेवा. पाणी फिकट पिवळसर झालेलं असेल, कोंबू रात्रीत पसरून मऊ, बुळबुळीत झालेलं असेल. पातेल्याच्या कडेला मोहरीएवढे बुडबुडे धरू लागले की लगेच कोंबू उचला. उकळी येऊ दिलीत तर चिकटपणा आणि उग्र वास उतरतो. अळंबी मात्र पाचेक मिनिटं उकळू द्या, मग गाळा. ही जोडी उगाच नाही जमली: कोंबूतलं ग्लुटामेट आणि शीताकेतलं ग्वानिलेट एकत्र आले की चव बेरजेपेक्षा कितीतरी जास्त होते.

मासे खाणाऱ्यांनी शीताके वगळावी आणि कोंबू काढल्यावर नुसत्या त्या पाण्याला उकळी आणून, गॅस बंद करून वीस-पंचवीस ग्रॅम कात्सुओबुशी टाकावी. पापुद्रे एक-दोन मिनिटांत तळाशी बसू लागले की फडक्यातून गाळा. पिळू नका, कडवटपणा येतो.

मिसो घेताना लेबल वाचा. काही डब्यांत ‘दाशी-इरि’ म्हणजे आधीच माशाची दाशी घातलेला मिसो असतो, तो शाकाहाऱ्यांनी टाळावा. तयार दाशीच्या दाणेदार पुड्यांचंही तसंच, बहुतेक माशाच्या. पहिल्यांदा फिकट पिवळा शिन्शू मिसो घ्या. क्योतोचा पांढरा मिसो गोडसर, ओकाझाकीचा हात्चो मिसो नुसत्या सोयाबीनचा, दोनेक वर्षं दगडांच्या वजनाखाली मुरलेला, जवळजवळ काळा आणि उग्र. माणशी वाटीभर दाशी गरम करा, तोफूचे बारीक चौकोन आणि भिजवलेलं वाकामे शेवाळ घाला, गॅस बंद करा आणि मग एका मोठ्या चमच्याएवढा मिसो गाळणीत घेऊन त्यात विरघळवा. मिसो घातल्यावर उकळायचं नाही, वास उडून जातो. मिठाचा विचार वेगळा करायला नको, मिसोत ते भरपूर आहे. उच्च रक्तदाब असलेल्यांनी दिवसाला एकच वाटी घ्यावी. कोंबूत आयोडीन फार असतं, थायरॉइडची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोज दाशी करू नका.

पालकाची भाजी सगळ्यांत सोपी. एक जुडी देठांसकट उकळत्या पाण्यात मिनिटभर, लगेच गार पाण्यात, मग घट्ट पिळून दोन बोटं लांबीचे तुकडे. संक्रांतीचे उरलेले तीळ भाजून दोन मोठे चमचे कुटा, अगदी पीठ नको. त्यात एक मोठा चमचा शोयू आणि लहान चमचाभर साखर, पालक हलक्या हाताने कालवा. शोयू घेताना कोइकुचि, म्हणजे गडद रंगाचा घ्या. उसुकुचि हा रंगाने फिका प्रकार कमी खारट वाटतो, प्रत्यक्षात तो जास्त खारट असतो. मिरिन, म्हणजे स्वयंपाकात वापरायची गोड दारू, लागणारी कृती असेल तर लक्षात ठेवा, खऱ्या मिरिनमध्ये चौदा टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल असतं. दारू वर्ज्य असणाऱ्यांनी साखर आणि थोडं पाणी घालून काम भागवावं.

काकडीच्या चकत्या मिठात दहा मिनिटं ठेवून पिळा, वर तांदळाचं व्हिनेगर आणि चिमूटभर साखर. झालं लोणचं.

उरलेलं कोंबू आणि शीताके फेकू नका. बारीक चिरून, दोन चमचे शोयू, चमचाभर साखर आणि थोड्या पाण्यात आटेपर्यंत शिजवा, वरून तीळ. त्याला त्सुकुदानी म्हणतात. फ्रिजमध्ये चार-पाच दिवस राहतं आणि गरम भाताबरोबर फार थोडं पुरतं.